टेकू

१९९६ च्या मे महिन्यात सूरजागडच्या पायथ्याशी, तेंदूपत्त्याच्या एका फळीवर, मी आबाजींच्या हाताखाली होतो. कॉलेजला सुट्टी होती आणि आबाजींची नजर अधू झाली होती. पुडे मोजून वहीत मांडायला त्यांना घरचं कोणीतरी हवं होतं. सत्तर पानांचा एक पुडा. बायाबापे अंधारातच रानात शिरत, ऊन चढायच्या आत भारे घेऊन परतत, दुपारभर सावलीत बसून पानं जुळवत, सालीच्या दोरीने बांधत आणि संध्याकाळी फळीवर रांगेने पुडे मांडून ठेवत. मी रांगा मोजायचो. आबाजी खाटेवर बसून ट्रान्झिस्टर कानाला लावायचे.

१६ मेला अटलबिहारी वाजपेयींचा शपथविधी झाला. आमची फळी उघडून तेव्हा दोन-तीन दिवस झाले होते. सुरुवातीचा पाला वाळला, त्याच्यावर पाणी मारलं, नरम झाला तसा पोत्यांत भरायला घेतला; आणि २८ तारखेला बातमी आली की वाजपेयी राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे निघाले. फळीही एक-दोन दिवसांत आटोपायचीच होती. आबाजींचा जुना सोबती, ज्याला मी तादो म्हणायचो, पोत्याला पाठ लावून बसला होता. बातमी त्याला समजली नव्हती, पण आबाजींचा चेहरा दिसला होता. कोण मेलं, त्याने विचारलं. कोणी मेलं नाही, सरकार पडलं, आबाजी म्हणाले.

"किती दिस चाललं?"

"तेरा."

तादोने फळीवरून नजर फिरवली. "म्हणजे आपल्याइतकंच. पाला तरी भरला का त्याहीनं?"

तादो म्हणजे माडियात आजोबा. आबाजींची आणि त्याची ओळख जंगल कामगार सोसायटीच्या कुपावरची; तो लाकूड तोडायचा, आबाजी हिशेब लिहायचे. आपलं वय त्याला सांगता येत नसे. सालंही त्याच्या लेखी आकड्यांची नव्हती, घडलेल्या गोष्टींची होती. मत मात्र त्याने एकही चुकवलं नव्हतं, आणि कोणाला दिलं हेही तो लपवत नसे. पुढे मी राज्यशास्त्राची पुस्तकं वाचली, आघाडी सरकारांवरची जाडजूड प्रकरणं वाचली. दिल्लीतल्या सरकारांचा इतिहास मला त्याआधी या दोन म्हाताऱ्यांनी सांगून ठेवला होता, आणि पुस्तकं वाचताना तोच मधेमधे आडवा यायचा.

वाजपेयी गेले आणि १ जूनला देवेगौडा आले. पहिला पाऊस पडायला अजून अवकाश होता. तादोच्या घराची एक भिंत बाहेर झुकली होती, म्हणून तो टेकू लावायला बल्ली तासत बसला होता. आबाजींनी त्याला नवं सरकार समजावून सांगितलं. तेरा-चौदा पक्ष एकत्र आलेत, त्याला संयुक्त आघाडी म्हणतात. काँग्रेस सरकारात नाही, पण तिचा बाहेरून पाठिंबा आहे. तादोने बल्ली उचलून भिंतीला लावून पाहिली.

"बाहेरून म्हणजे असा?"

"असाच."

बल्ली एक वीत लांब होती. त्याने ती खाली आणून परत तासायला घेतली आणि म्हणाला की टेकूचं घर वाईट नसतं, फक्त घरवाल्याला रोज सकाळी उठून टेकूकडे पाहावं लागतं. भिंत धड असली की घरवाला मागच्या अंगाला फिरकतसुद्धा नाही. आम्ही त्या मागच्या अंगालाच राहतो, असं काही तो बोलला नाही. ते माझं मी नंतर जोडलं.

तादोच्या आठवणीतली पहिली ठळक निवडणूक १९६२ ची. चांदा लोकसभा मतदारसंघातून त्या वेळी लाल श्यामशाह निवडून आले, अपक्ष. पानाबारसचे जमीनदार, गोंड. पानाबारस आज छत्तीसगडात येतं. आमच्या भागातली माणसं त्यांना राजाच म्हणत. तादो सांगायचा की राजाला मत द्यायला लोक सोबत आंबील घेऊन, रात्रीचा मुक्काम करत चालत गेले होते. मत द्यायचं म्हणजे काय करायचं हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं, कोणाला द्यायचं हे मात्र ठाऊक होतं. आणि दोन वर्षांत, १९६४ साली, राजाने खासदारकी सोडून दिली. आदिवासींच्या जमिनी, जंगल, वरून लादल्या जाणाऱ्या वसाहती, हे कोणी ऐकतच नाही तर बसायचं कशाला, असा त्या राजीनाम्याचा सूर. लोकसभेत तेव्हा काँग्रेसचे साडेतीनशेच्या वर खासदार होते. एक आदिवासी खासदार उठून गेला म्हणून दिल्लीत कशाला काय हलणार? पोटनिवडणूक झाली, संपलं.

तादोला हे कोडं सुटत नसे. त्यांच्या इलाक्याच्या सभेत असं होत नाही. सूरजागड इलाका म्हणजे सत्तरेक गावं. कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या गावी सभा बसते. गायता असतो, गावोगावचे पाटील असतात, बोलणं दोन-दोन दिवस चालतं. मतदान नसतं. एखादा रुसून उठला की विषय तिथेच थांबतो. दोघं-तिघं त्याच्या मागे जातात, तंबाखू देतात, त्याच्या शेताविषयी, बैलांविषयी बोलतात, आणि तो परत येऊन बसेपर्यंत बाकीचे वाट पाहतात. आबाजी एकदा अशा सभेला गेले होते आणि तीन दिवसांनी चिडून परतले होते; त्यांच्या मते एक ठराव मांडला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण लाल श्यामशाहांच्या मागे तंबाखू घेऊन कोणीच का गेलं नाही, या तादोच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

(राजा गप्प बसला असं मात्र नाही. १९८४ साली इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन धरणं घालायचं घाटत होतं, तेव्हा बाबा आमट्यांबरोबर 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात तो उभा राहिला. ती दोन्ही धरणं झाली नाहीत. लोकसभेत बसून जे जमलं नाही ते बाहेरून जमलं.)

१९७७ चं वर्ष आबाजींचं. काँग्रेस हरू शकते, हेच त्यांना त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. चांद्याहून अहेरीचे राजे विश्वेश्वरराव लोकसभेवर गेले. दिल्लीत मोरारजी देसाई. जनता पक्ष कागदोपत्री एक पक्ष होता. आत जनसंघ, लोकदल, संघटना काँग्रेस, समाजवादी आणि जगजीवनराम, अशी पाच चुलींची एकच जेवणावळ. आबाजी समाजवाद्यांकडे झुकलेले. त्यामुळे त्या सरकारच्या भांडणांविषयी ते घरच्या भांडणासारखं बोलत, म्हणजे आवाज खाली आणून. जुलै १९७९ मध्ये सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी. मोरारजींनी राजीनामा दिला, चरणसिंग पंतप्रधान झाले, आणि २८ जुलैला यशवंतराव त्यांचे उपपंतप्रधान. आबाजी रेडिओवर हे ऐकून आनंदले की मराठी माणूस इतक्या वर गेला, आणि दुसऱ्याच क्षणी खट्टू झाले, कारण ते सरकार इंदिरा गांधींच्या टेकूवर होतं. टेकू निघाला. २० ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. पंतप्रधान म्हणून ते संसदेला एकदाही सामोरे गेले नाहीत.

आणि इथे? इथे त्या सरकारचं काही आलं का, असं मी तादोला विचारलं होतं. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला की त्यानंतर लगेच जंगलात बंदुकवाले आले. ते खरं आहे. १९८० साली आंध्रातून प्राणहिता ओलांडून नक्षल्यांची पहिली दलमं आली, आणि त्याच नोव्हेंबरात सिरोंचाकडे मोयाबिनपेठला त्यांच्यातला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्या आदल्या महिन्यात, २५ ऑक्टोबर १९८० ला, वन संवर्धन कायदा लागू झाला. दिल्लीत इंदिरा गांधींचं भरभक्कम बहुमताचं सरकार होतं. जंगलाची एक एकर जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तरी केंद्राची परवानगी लागेल, असा तो कायदा. हेतू चांगलाच होता. पण पिढ्यान् पिढ्या कसत आलेली, पट्टा नसलेली शेतं आणखी पक्की बेकायदा झाली. आमच्याकडे अशा शेतीला जबरानजोत म्हणतात. माणूस स्वतःच्या बापाच्या शेताला जबरानजोत म्हणतो, आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. या शब्दाचा मला राग आहे.

विश्वनाथ प्रताप सिंग आले ते भाजप आणि डावे अशा दोन बाजूंच्या दोन टेकूंवर, अकरा महिन्यांत गेले. चंद्रशेखर आले, १९९१ च्या मार्चमध्ये तेही गेले. त्या १९९१ सालचं आमच्या भागात लोकांना आठवतं ते वेगळंच: आमदार धर्मरावबाबा आत्राम यांना नक्षल्यांनी पळवून नेलं आणि एका नक्षली पुढाऱ्याच्या बदल्यात सोडलं. दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं, आणि आमच्याकडे काळजी कोण वाहतो असा प्रश्न होता. याच अहेरीच्या आत्राम घराण्यात पुढे आघाडी आणि युती दोन्ही नांदल्या. २०२४ च्या विधानसभेला धर्मरावबाबा एका राष्ट्रवादीकडून, त्यांची मुलगी दुसऱ्या राष्ट्रवादीकडून आणि पुतणे अपक्ष, असे तिघे एकाच जागेवर एकमेकांसमोर उभे होते. तेव्हा तादो असता तर सभा भरवा म्हणाला असता.

देवेगौडांकडे परत येतो, कारण त्यांचं नाव आता कोणी फारसं घेत नाही. सभांमध्ये डुलक्या काढणारा पंतप्रधान अशी त्यांची थट्टा झाली, आणि ती आम्हीही केली. त्या टेकूवरच्या सरकारच्या काळात, २४ डिसेंबर १९९६ ला, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांसाठी पंचायतींचा कायदा झाला. लोक त्याला पेसा म्हणतात. दिलीपसिंह भुरिया समितीने त्याचा पाया आधीच घालून ठेवला होता, बी. डी. शर्मांसारख्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. आमचा एटापल्ली तालुका पाचव्या अनुसूचीत येतो. या कायद्याने ग्रामसभा म्हणजे पाड्यावरची सगळी प्रौढ माणसं, आणि आपल्या रूढी, आपली सामूहिक साधनं आणि आपल्या पद्धतीने तंटे मिटवायची रीत राखायला ती समर्थ आहे, असं संसदेने लिहून दिलं. तेंदू, बांबू, मोह अशा गौण वनोपजाची मालकी गावाची. म्हणजे ज्या सभेतून आबाजी चिडून परतले होते, ती सभा कायद्यात येऊन बसली.

त्या दिवशी आबाजींनी बातम्या ऐकल्या असतील. त्यांना काही लक्षात राहिलं नाही, मलाही नाही. मी या कायद्याची मराठी पुस्तिका पहिल्यांदा पाहिली ती बऱ्याच वर्षांनी, ठाकूरदेवाच्या जत्रेत. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडच्या पहाडावर ही जत्रा भरते. सत्तर गावांचे लोक येतात, पलीकडून छत्तीसगडातले येतात, १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाक्यांचं नाव घेतलं जातं. शेकोटीच्या उजेडात एक पोरगा पुस्तिका वाचत होता आणि एक म्हातारा त्याचं माडियात सांगत होता. गौण खनिजाच्या कलमापाशी पोरगा अडला. वाळू, मुरूम, गिट्टी यांच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस लागते, असं तिथे आहे. म्हाताऱ्याने विचारलं, आणि लोखंड? सगळे ज्या पहाडावर बसले होते तो लोखंडाचा. लोखंड गौण नाही, मुख्य खनिज. ते या कलमात बसत नाही.

आमच्याकडे ठाकूरदेव आणि लोहखनिज एकाच ठिकाणी राहतात, हा सगळा घोळ त्यामुळे आहे.

१९९९ च्या एप्रिलमध्ये जयललितांनी टेकू काढला आणि १७ तारखेला वाजपेयींचं दुसरं सरकार पडलं. २६९ विरुद्ध २७०. एका मताने. ते मत कोणाचं यावर अजून वाद होतो. सैफुद्दीन सोझ आपल्या पक्षाच्या विरुद्ध गेले होते. पण बोट जास्त दाखवलं जातं ते गिरिधर गमांगांकडे. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन दोन महिने झाले होते, कोरापुटच्या खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता, म्हणून येऊन मत दिलं. गमांग आदिवासी, सावरा समाजाचे. कोरापुट म्हणजे आमच्याच दंडकारण्याचं पूर्वेकडचं टोक. त्यांनी नैतिकदृष्ट्या मत द्यावं की नाही, यावर मराठी वर्तमानपत्रांत रकाने भरले. पुढे २०१५ मध्ये हेच गमांग भाजपमध्ये गेले. राजकारणाला विनोदाची खोड आहे.

मी सरकार पडल्याच्या बातमीचा अंक घेऊन तादोकडे गेलो होतो. आबाजी तोवर गेले होते. तादोचे कान गेले होते, पण हिशेब शाबूत होता. एका माणसाने सरकार पाडलं, तो आपल्यासारखाच जंगलातला, एवढं मी त्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्याला आनंद झाला नाही. तो म्हणाला, आमचा राजा उठला तेव्हा कोणी मोजलं नाही, आणि हा उठला तर घरच पडलं. मोजायची रीत बदलली म्हणायची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वाजपेयी पुन्हा आले, दोन डझन पक्षांना घेऊन, आणि केंद्रात पहिल्यांदा आदिवासी कार्य मंत्रालय वेगळं झालं. त्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने ३ मे २००२ ला राज्यांना पत्र धाडून जंगलातली अतिक्रमणं त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर काढायला सांगितली. देशभर झोपड्या मोडल्या गेल्या. तादो त्याआधीच्या पावसाळ्यात गेला. भिंत त्याच्या पाठोपाठ पडली, टेकूसकट.

२००४ च्या मनमोहन सिंगांच्या सरकारला साठेक डाव्या खासदारांचा बाहेरून आधार होता. किमान समान कार्यक्रमात आदिवासींना जंगलातून हुसकावणं थांबवण्याचं वचन होतं. १३ डिसेंबर २००५ ला वनहक्काचं विधेयक लोकसभेत आलं तेव्हा त्यातली मुदत होती २५ ऑक्टोबर १९८०, म्हणजे वन संवर्धन कायद्याची तारीख. त्याआधीपासून कसता हे दाखवा, मगच हक्क. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष किशोरचंद्र देव, आंध्रातले आदिवासी खासदार. समितीने मुदत थेट १३ डिसेंबर २००५ पर्यंत पुढे आणली. मधे सरकार माघार घेऊ लागलं तसे डावे टेकू हलवून दाखवत राहिले. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांत कायदा मंजूर झाला, २९ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. कायद्याच्या प्रास्ताविकात 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. कोणत्याही सरकारने ते सहजी लिहिले नसते.

सही २९ डिसेंबर २००६ ची. अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. मधलं आख्खं वर्ष कायदा होता आणि नव्हता. सूरजागडचा ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्सला मिळाला तो २००७ सालीच. दिल्लीत आघाडी, मुंबईत आघाडी. टेकूवरची सरकारं आमच्या बाजूची असतात असा कोणाचा भाबडा समज होऊ नये, म्हणून हे लिहिलं. घरवाल्याच्या नजरेला टेकू पडतो, हे खरंच. पण बल्ली धरून आणखी कोण उभं आहे तेही त्याला दिसतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांचा नक्षल्यांनी खून केला. २०१६ च्या डिसेंबरात ऐंशीच्या आसपास गाड्या जाळल्या. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. इकडे धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा जिल्हाभर पसरली. पेसाचे नियम करायला महाराष्ट्राला ४ मार्च २०१४ उजाडला. मूळ कायदा करणारे देवेगौडा ३२४ दिवस पंतप्रधान होते, नियम करायला लागली सतरा वर्षं.

२०२४ च्या ४ जूनला निकाल लागत होते. भाजप २४० वर थांबला. संध्याकाळी तादोच्या नातवाचा फोन आला. तो खाणीवर डंपर चालवतो, दर महिन्याला पगार उचलतो आणि दर जानेवारीला ठाकूरदेवाला जातो. यात विसंगती शोधायला शहरातून येणाऱ्यांशी तो नीट बोलतो.

"दादा, टेकूवर आलं म्हणतात."

हो म्हणालो. तेलुगू देसमचे सोळा, नितीशकुमारांचे बारा.

"त्यांच्या मुलखात पहाड आहेत का?"

बिहारचे गेले झारखंडात, मी म्हणालो. आंध्रात आहेत. अराकूकडे, बॉक्साइटचे.

"मग एकाला तरी समजत असंल," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलणार होता. पण त्याचा डंपर भरून झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते.